उभ्या गाडीची परीक्षा

मोटारीची परीक्षा धावण्यात होते, असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या मोटारीची खरी परीक्षा उभे राहण्यात असते. हा धडा मला हजिऱ्याच्या धक्क्यावर मिळाला.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. सुरतेचे लग्नकार्य आटोपून आम्ही उभयता भावनगरास निघालो होतो. रस्त्याने हे अंतर सुमारे ३७० किलोमीटर. २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या हजिरा-घोघा जलमार्गाने ते ९० वर येते, आणि गाडीही जहाजात चढविता येते.

धक्क्यावरची रांग चार हात सरके आणि थांबे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरून बंद पडे. सौभाग्यवतींनी नुसते माझ्याकडे पाहिले. दिवाळीपासून हे दुखणे चालू होते, आणि मी दर खेपेस एक स्क्रू अर्धा फेरा पिळून वेळ मारून नेत होतो.

मागच्या ट्रकचा चालक उतरून आला. तो रागावेल असे वाटले. पण त्याने बॉनेट उघडायला लावले. गृहस्थाने पूर्वी मुंबईत टॅक्सी चालविली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, पण त्याच्या हातातली विद्या शाबूत होती.

कार्बुरेटरला बाहेरून दोन स्क्रू असतात. एक थ्रॉटलची झडप किंचित उघडी धरून इंजिनचे फेरे वाढवितो. दुसरा उभ्या गाडीसाठी लागणाऱ्या मिश्रणाचे प्रमाण ठरवितो. झडप जवळजवळ मिटलेली असताना तिच्याखाली इंजिनची ओढ जबर असते. त्या ओढीने बारीक जेटमधून पेट्रोल येते. जेटमध्ये कचरा अडकला, किंवा बुडाच्या पॅकिंगमधून आगंतुक हवा शिरली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते. वेगात ही गळती जाणवत नाही. उभे राहताच गाडीचा जीव घाबरा होतो.

त्याने चोक थोडा ओढला. इंजिन सावरले, म्हणजे पेट्रोल अपुरे होते. मग ऑइलच्या पट्टीवरचे चार थेंब कार्बुरेटरच्या बुडाशी सांध्यावर सोडले. क्षणभर इंजिन एकसारखे चालले.

"काका, ही इथून हवा खेचते. स्क्रू पिळून काय होणार?"

त्याने दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. एकच दाबून आवळला तर बूड वाकते. मी पिळलेला स्क्रू मागे घेतला, आणि दुसरा हळूहळू फिरवून इंजिन जिथे सर्वांत सुरळीत चालले तिथे ठेवला. पैसे मात्र घेतले नाहीत. नवे पॅकिंग मी बडोद्यास आल्यावर बसविले.

माझे वडील आपल्या कलाभवनात यंत्रविद्या शिकलेले. स्क्रूला हात लावण्याआधी ते प्रत्येक सांधा चाचपून पाहत. मी ते शेकडो वेळा पाहिले होते.

घोघ्यास उतरताना रांग पुन्हा थांबली. गाडी गुणगुणत उभी राहिली.

"मामंजी असते तर दिवाळीतच दुरुस्त झाली असती," सौभाग्यवती म्हणाल्या.

मी काही बोललो नाही.