आजारपणात मदतीला आला तो घुसखोर

फिनलंडचे प्रोग्रामर लासे कोलिन यांचं नाव सॉफ्टवेअरच्या जगाबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी घडवलेलं ‘एक्सझेड युटिल्स’ मात्र लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरवर असतं. मोठ्या फाइली दाबून लहान करायच्या आणि लागतील तेव्हा पुन्हा उलगडायच्या, एवढंच त्याचं काम. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे कुणीही ते फुकट वापरावं, त्याचा कोड वाचावा, सुधारणा सुचवाव्यात. पण आलेली सुधारणा तपासून स्वीकारायची की नाही आणि नवी आवृत्ती कधी काढायची, हे पाहणारे मेंटेनर बराच काळ एकटे कोलिनच होते. त्याचा पगार त्यांना मिळत नव्हता.

२०२२मध्ये काही जणांनी ईमेलवरून त्यांच्यामागे तगादा लावला. सुधारणा पडून आहेत, कामाला गती नाही, झेपत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा, असा एकूण सूर. जूनमध्ये कोलिन यांनी मोकळेपणाने उत्तर दिलं. कामातला रस संपलेला नाही, पण मुख्यतः मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारींमुळे लक्ष घालण्याची ताकद कमी पडते, आणि हे सगळं बिनपगारी, हौशी काम आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यावर तगादा लावणाऱ्यांपैकी एकाने तोंडदेखली सहानुभूती दाखवली आणि पुढच्याच ओळीत पुन्हा तीच मागणी रेटली.

आजारी माणसाला ‘आणखी कर’ म्हणणारे बरेच होते. ‘यातलं एवढं मी करतो’ म्हणत सातत्याने काम करणारा मात्र एकच होता. ‘जिया तान’ या नावाने तो २०२१पासून सुधारणा पाठवत होता. काम नीटनेटकं, बोलणं नम्र. याच्याकडे पुढे मोठी जबाबदारी येऊ शकते, असं कोलिन यांनी त्याच उत्तरात सुचवलं होतं, आणि पुढच्या वर्षी तो स्वतः नव्या आवृत्त्या काढू लागला. कोलिन यांनी कसलाही हलगर्जीपणा केला, असं यात दिसत नाही. इतका काळ चोख काम करणाऱ्यावर विश्वास टाकणार नाही, असा माणूस विरळाच.

फेब्रुवारी २०२४मध्ये ५.६.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात चोरवाट होती. फाइली दाबणाऱ्या प्रोग्रामची चाचणी घ्यायला मुद्दाम बिघडवलेल्या फाइली ठेवाव्या लागतात. माणसाला त्या वाचून काही कळत नाही, म्हणून कुणी वाचतही नाही. घातक कोड दडवला होता तो अशाच फाइलींत. काही लिनक्स प्रणालींवर दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची ‘एसएसएच’ सेवा अप्रत्यक्षपणे एक्सझेडचा कोड वापरते. तिथे हल्लेखोराला पासवर्डशिवाय शिरकाव मिळाला असता.

मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड वेगळ्याच कामात होते. एसएसएचने लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझेडपर्यंत पोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळं जाहीर केलं. तोवर ती आवृत्ती मुख्यतः लिनक्सच्या चाचणीतल्या वितरणांपर्यंतच गेली होती, म्हणून मोठा अनर्थ टळला. ‘जिया तान’ दिसेनासा झाला. त्यामागे कोण होतं, हे आजही उघड झालेलं नाही. निस्तरण्याचं काम पुन्हा कोलिन यांच्याकडेच आलं. मेअखेर त्यांनी चोरवाट काढून टाकलेली ५.६.२ आवृत्ती प्रसिद्ध केली.

आजारी मेंटेनरला हवी असते ती ओळखीची, पारखलेली दुसरी जोडी हातांची, आणि तीही आजार येण्याआधी. ‘व्हिम’ या टेक्स्ट एडिटरच्या बाबतीत ती होती. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१मध्ये तो जगासमोर आणला आणि तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळला. त्यांचा आजार अखेरच्या काही आठवड्यांत झपाट्याने बळावला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले. व्हिमसाठी अनेक वर्षं राबलेले ख्रिश्चन ब्राबांट पुढे झाले, जुने सहकारी सोबत राहिले. २ जानेवारी २०२४ रोजी व्हिमची ९.१ आवृत्ती आली, ती मोलेनार यांना अर्पण केलेली होती.