विश्लेषण : वस्तुसंग्रहालयातले दिवे मंद का असतात? तेरच्या हस्तिदंती मूर्तीला किती प्रकाश सोसतो?

ढोकीपासून जवळच असलेल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेईच्या उत्खननात सापडली. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्याआधीच भारतातील हस्तिदंती काम रोमन जगात पोहोचले होते. त्या काळात तेर ‘तगर’ नावाने ओळखले जाई आणि पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. इतका मोलाचा ठेवा लख्ख उजेडात का ठेवू नये, असा प्रश्न अनेकांना पडतो.

प्रकाशामुळे नुकसान कसे होते?

प्रकाश ही ऊर्जा आहे. ती वस्तूवर पडली की रंगद्रव्ये आणि तंतू यांतील रासायनिक बंध हळूहळू तुटतात. खिडकीतल्या पडद्याचा रंग उडतो, तो याच कारणाने. अतिनील किरण सर्वांत घातक असले, तरी दिसणारा प्रकाशही निरुपद्रवी नाही. हस्तिदंताला उष्णतेचाही धोका असतो. तो हवेतील ओलावा शोषतो आणि सोडतो. काचपेटीत हॅलोजनसारखा तापणारा दिवा लावला, तर आतली हवा कोरडी पडून हस्तिदंताला चिरा जाऊ शकतात. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही भीती आणखी वाढते. झालेले नुकसान भरून येत नाही.

मर्यादा किती आणि कोणी ठरवली?

पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो, हे ‘लक्स’मध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा १ लाख लक्सपर्यंत जातो. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या (सीआयई) २००४ च्या अहवालानुसार कापड, हस्तलिखिते, जलरंगातील चित्रे यांना ५० लक्स पुरे. हाड, हस्तिदंत आणि न रंगवलेल्या लाकडासाठी २०० लक्स. दगड, धातू, भाजलेली माती यांना प्रकाशाचा फारसा त्रास होत नाही.

तीव्रतेइतकाच कालावधीही महत्त्वाचा. हस्तिदंताच्या गटासाठी वर्षाची मर्यादा ६ लाख लक्स-तास आहे. २०० लक्सचा दिवा रोज ८ तास, वर्षातून ३०० दिवस लावला, तर ४ लाख ८० हजार लक्स-तास होतात. हे मर्यादेत बसते. तोच दिवा ५०० लक्सचा केला, तर आकडा १२ लाखांवर, म्हणजे दुप्पट होतो. आणि खिडकीतून रोज तासभर ५० हजार लक्सचे ऊन पडू दिले, तर वर्षाचा कोटा अवघ्या १२ दिवसांत संपतो. म्हणून दिव्यांच्या आधी खिडक्यांचा बंदोबस्त करावा लागतो.

मग आत अंधार का वाटतो?

बाहेरच्या रखरखीत उन्हातून थेट दालनात आल्यावर डोळ्यांना सरावायला काही मिनिटे लागतात. २०० लक्स प्रकाशही तेव्हा अपुरा वाटतो. त्यामुळे प्रवेशद्वाराजवळ मध्यम उजेडाची जागा ठेवून तो टप्प्याटप्प्याने कमी करतात. भिंती आणि छत कमी उजळ ठेवले, की त्याच प्रकाशात मूर्ती उठून दिसते. दिवे न वाढवता वस्तू नीट दाखवणे, हेच प्रकाशयोजनाकाराचे काम.

प्रत्येक वस्तूला वेगळा प्रकाश का?

लाकडी चौकटीवरचे कोरीव काम समोरून प्रकाश टाकला तर सपाट दिसते. बाजूने तिरपा टाकला तर सावल्या पडून नक्षी उठते. काचेचे मणी मागून उजळले तर रंग खुलतो. केओलिनच्या पांढऱ्या मूर्ती कमी प्रकाशातही दिसतात, गडद भाजक्या मातीला जास्त लागतो. काचपेटीवर दिव्याचे प्रतिबिंब पडू नये म्हणून दिवा साधारण ३० अंशांच्या कोनात वरून लावतात. रंग खरे दिसण्यासाठी रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय) ९० किंवा अधिक असलेले एलईडी निवडतात. त्यांच्या प्रकाशात अतिनील किरण नगण्य असतात. मात्र त्यांचा ड्रायव्हर तापतो, म्हणून तो पेटीबाहेर असावा.

जुन्या वास्तूंवर रोषणाई करताना?

तेरच्या त्रिविक्रम मंदिरासारख्या विटांच्या प्राचीन वास्तूत खिळे-स्क्रू ठोकून दिवे बसवणे अपायकारक ठरते. दिवे जमिनीवर, वास्तूपासून दूर ठेवणे योग्य. प्रखर झोत कीटकांना ओढतात आणि त्यांच्या मागे पाली-कोळीही येतात. ठरावीक वेळेनंतर दिवे बंद केले की वीजही वाचते.

खर्च परवडेल का?

छोट्या संग्रहालयालाही सुरुवात करता येते. हातात मावणाऱ्या लक्समीटरने प्रत्येक पेटीतील प्रकाश मोजून नोंद ठेवणे, खिडक्यांना अतिनील-रोधक फिल्म किंवा पडदे लावणे, प्रेक्षक आल्यावरच दिवे लागतील असे सेन्सर बसवणे, ही कामे इमारत न पाडता होतात. अडचण बहुधा कामाच्या क्रमात असते. नूतनीकरणात दिवे ‘विद्युत कामा’त मोडतात आणि अंदाजपत्रकात फक्त पॉइंटची संख्या लिहिली जाते. तिथेच प्रत्येक पेटीसाठी किती लक्स आणि किती तास, हे दोन रकाने वाढवले, तर बरेचसे नुकसान कागदावरच टळेल.