गिरकीचा हिशेब

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत तांडेच्या तांडे येतात. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथलीच. नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही इथं ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुलं झालं. बाया फेर धरून नाचू लागल्या की मोबाइल बाहेर निघणारच, आणि चांगल्या मोबाइलचा कॅमेरा पेच टाकणार: ४केमध्ये सेकंदाला ६० चित्रं घेऊ, की १०८०पीमध्ये २४०?

उभ्या बाईच्या फेटियावरचे, म्हणजे घाघऱ्यावरचे आरसे, कवड्या, टाका न् टाका हवा असेल तर ४के घ्यावं. ऊन कललेलं असताना तिनं गिरकी घेतली, की त्याच आरशांच्या पांढऱ्या रेघा होतात. तिथं २४० कामाला येतात.

गंमत गणितात आहे. ४केच्या एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके; १०८०पीमध्ये बरोबर त्याच्या चौथाई. पहिल्याला ६०नं गुणा, दुसऱ्याला २४०नं. उत्तर एकच: सेकंदाला ४९ कोटी ७६ लाख ६४ हजार ठिपके.

कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. फक्त इथं समोर नाचणारं कुणी नसतं; प्रत्येक ठिपक्याचा रंग ग्राफिक्स कार्डाला त्या क्षणी काढावा लागतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद जागचं हलत नाही. नजर मात्र पळत्या गाडीमागं सरकत राहते, म्हणून चित्र फराटतं. गाडी सेकंदाला ९६० ठिपके धावत असेल, तर फराटा १६ ठिपक्यांचा. २४० हर्ट्झला चारच. १६ ठिपक्यांच्या फराट्यात ४केचा बारकावा कुठला टिकायला! अर्थात ६०वरून १२०वर गेल्यावर ८.३ मिलिसेकंद वाचतात, १२०वरून २४०वर जाऊन जेमतेम ४.२. आकडा दुप्पट होतो, फायदा निम्मा.

ठिपक्यांनाही मर्यादा आहे. निकोप डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखतो. २७ इंची १४४०पी पडद्यावरचा ठिपका ०.२३ मिलिमीटरचा, ८० सेंटिमीटरपलीकडून तो सुटा दिसत नाही. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमचे कित्येक व्यावसायिक खेळाडू तर मुद्दाम १२८० बाय ९६०वर उतरतात. त्यांना शत्रू सुंदर नको, लवकर दिसायला हवा. रमतगमत कथा उलगडणाऱ्या गेमला मात्र ४के आणि ६० शोभतात.

दोन्ही प्रकारचे गेम खेळणाऱ्यानं माझ्या मते १४४०पी आणि १४४ हर्ट्झ घ्यावं. सेकंदाला ५३ कोटी ठिपके, म्हणजे बोजा जवळपास तेवढाच. घेतल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जरूर डोकवा. १४४चा पडदा पुष्कळदा तिथं ६०वरच चालत असतो.