तीन मतांनी हुकलेली तडजोड

१ एप्रिल २०१९ च्या रात्री ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती जॉन बर्को यांनी चार प्रस्तावांचे निकाल वाचून दाखवले. त्यातला एक होता कस्टम्स युनियनचा: युरोपीय संघातून बाहेर पडायचं, पण सीमाशुल्काची व्यवस्था एकत्रच ठेवायची. बाजूने २७३, विरोधात २७६. तीन मतं. उरलेले तीन प्रस्तावही पडले. त्याच संध्याकाळी चर्चा चालू असताना हवामानबदलाचे काही आंदोलक प्रेक्षक सज्जात जवळजवळ विवस्त्र होऊन, सभागृहाकडे पाठ करून काचेला चिकटून उभे राहिले होते. खाली भाषणं तशीच चालू राहिली. एप्रिल फूलच्या दिवशी एखाद्या विनोदी लेखकाने हा प्रसंग लिहिला असता, तर संपादकाने तो अतिशयोक्ती म्हणून परत केला असता.

पाच दिवस आधीची, २७ मार्चची गोष्ट तर आणखी नवलाची. त्या दिवशी खासदारांपुढे आठ पर्याय होते. नेहमी ते ‘हो’ किंवा ‘नाही’च्या दालनातून चालत जाऊन मत देतात. या वेळी त्यांना छापील कागद देण्यात आला आणि प्रत्येक पर्यायापुढे होकार-नकार नोंदवायला सांगितलं. आठच्या आठ पर्याय नापास झाले. करार न करताच बाहेर पडावं हा पर्याय ४०० विरुद्ध १६० असा आपटला. पण कायदा असा होता की, कशावरच एकमत झालं नाही तर ठरलेल्या तारखेला ब्रिटन करार न करताच बाहेर पडणार. म्हणजे या सभागृहाने एक संकट प्रचंड बहुमताने नाकारलं आणि ते टाळण्याचा प्रत्येक मार्गही नाकारला.

साडेसहाशे शहाण्यासुरत्या माणसांचं सभागृह असं कसं वागू शकतं?

आधी थोडी मागची हकिगत. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या, म्हणजे ब्रेक्झिटच्या, बाजूने मत दिलं. बाहेर पडून नेमकं कुठे जायचं, हे मतपत्रिकेवर लिहिलेलंच नव्हतं. पंतप्रधान थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७ मधल्या लँकेस्टर हाउसच्या भाषणात ते परस्पर ठरवून टाकलं: एकत्र बाजारपेठही नको, कस्टम्स युनियनही नको. पुढे बहुमत वाढवायला त्यांनी जूनमध्ये निवडणूक घेतली आणि होतं ते बहुमतही गमावलं. मग उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांचा टेकू घेऊन सरकार उभं राहिलं. इथेच सगळ्या गुंत्याची गाठ बसली.

कारण उत्तर आयर्लंडची सीमा हीच ब्रिटनची एकमेव मोठी जमिनीवरची सीमा. आयर्लंड प्रजासत्ताकाला लागून ती सुमारे ५०० किलोमीटर जाते. शेतांतून, रस्त्यांतून, कधी एखाद्या घराच्या आवारातूनही. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर तिथले लष्करी पहारे उठले. ब्रिटनचं सीमाशुल्क वेगळं झालं, तर या रेषेवर पुन्हा नाकी उभी राहणार. ती टाळायला ‘बॅकस्टॉप’ नावाची तरतूद आली: दुसरा उपाय सापडेपर्यंत सगळा ब्रिटन युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रातच राहील. सीमेवर नाकी नकोतच, यावर आयर्लंडचे पंतप्रधान अडून बसले होते. त्यांचं नाव लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. सिंधुदुर्गातल्या या गावाचं आडनाव त्या काळात ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत जवळजवळ रोज छापून येत होतं.

मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला मतदानाला आला आणि ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. ब्रिटनच्या सरकारचा संसदेतला हा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले. त्या रात्री नकाराच्या दालनातून कोण कोण चाललं होतं, ते डोळ्यांपुढे आणून पाहावं. करार फार मवाळ म्हणणारे मे यांच्याच पक्षाचे जेकब रीस-मॉग, करार फार कडक म्हणणारे विरोधी मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन, ब्रेक्झिटच नको म्हणणाऱ्या ग्रीन पक्षाच्या कॅरोलाइन ल्यूकस आणि बॅकस्टॉपवर चिडलेले डीयूपीचे दहाजण. एकमेकांचं काही म्हणता काही न पटणारी माणसं, एकाच दारातून, एकाच ‘नाही’साठी.

या कोड्याचा गाभा मला वाटतं त्या एका ‘नाही’तच आहे. डंकन ब्लॅक नावाचे स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञ १९४२ मध्ये, विमानहल्ल्यांच्या काळात, वॉरिकच्या किल्ल्यात रात्री आगीवर पहारा करत असताना त्यांना एक कल्पना सुचली. १९४८ मध्ये ती छापून आली. पर्याय जर एका रेषेवर मांडता येत असतील, एका टोकाला अगदी कडक आणि दुसऱ्या टोकाला अगदी मवाळ, आणि प्रत्येक मतदाराला आपल्या जागेपासून जवळचा पर्याय लांबच्यापेक्षा बरा वाटत असेल, तर मधल्या मतदाराला आवडणारा पर्याय बाकीच्या कुठल्याही पर्यायाशी एकास एक लढला की जिंकतोच. कडक टोकाशी लढला तर मवाळ मंडळी त्याला मत देतात, मवाळ टोकाशी लढला तर कडक मंडळी. मधल्याचं हे बळ किती साधं आणि किती भक्कम आहे!

मग कस्टम्स युनियन पडली कशी? ती कुणाशी एकास एक लढलीच नाही, म्हणून. तिच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता, नुसता ‘नाही’ होता. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यात आपापलं स्वप्न ठेवायची मुभा होती. एकाच्या ‘नाही’त करार न करता बाहेर पडणं होतं, दुसऱ्याच्या ‘नाही’त दुसरं सार्वमत, तिसऱ्याच्या ‘नाही’त नवी निवडणूक. ही स्वप्नं एकमेकांसमोर उभी केली असती, तर त्यांतली बहुतेक एकट्याने हरली असती. पण ती सगळी मिळून एका तडजोडीशी लढली आणि तीन मतांनी जिंकली.

ब्लॅकच्या रेषेत एक वाकडा खुंटा आहे, हे मान्य करायला हवं. दुसरं सार्वमत हे मुक्कामाचं ठिकाण नव्हतं, वाट होती. ते रेषेवर कुठे ठेवायचं? गंमत म्हणजे त्या रात्री सर्वांत जास्त होकार त्यालाच मिळाले, २८०. पण नकार २९२ पडले. सर्वांत जास्त मित्र एकाला, सर्वांत कमी अंतराने पराभव दुसऱ्याचा.

हे कोडं संसदेला नवीन नव्हतं. फेब्रुवारी २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सची रचना बदलण्यासाठी याच सभागृहाने सात पर्यायांवर एकामागून एक मत घेतलं आणि सातही फेटाळले. ८० टक्के सदस्य निवडून यावेत हा प्रस्ताव २८१ विरुद्ध २८४ असा पडला. तेव्हाही तीनच मतं! त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी, १८७० च्या दशकात ऑक्सफर्डमधले गणिताचे एक शिक्षक, चार्ल्स डॉजसन, आपल्या कॉलेजच्या बैठकांतली भांडणं पाहून मतदानाच्या पद्धतींवर पत्रकं छापत होते. दोनपेक्षा जास्त पर्याय असले की बहुमत गोल गोल फिरू शकतं, हे त्यांनी दाखवलं होतं. जग त्यांना लुइस कॅरॉल म्हणून, ॲलिसच्या गोष्टीचे लेखक म्हणून ओळखतं. ती विसरलेली पत्रकं पुढे उजेडात आणली ती याच डंकन ब्लॅकनी.

उपाय काही परग्रहावरचा नव्हता. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय, त्यांना पसंतिक्रम शिकवायला नको: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. ब्रेक्झिटच्या पर्यायांवरही असंच मत घ्यावं, अशी सूचना तेव्हा झाली होती. पण संसदेत दुसरी पसंती चारचौघांत लिहावी लागली असती. त्या वसंतात वेस्टमिन्स्टरमध्ये दुसरी पसंती उघड करणं म्हणजे जवळजवळ फितुरी मानली जात होती.

ती उघड करणारा एक माणूस होता केनेथ क्लार्क. कस्टम्स युनियनचा प्रस्ताव त्यांचाच. १९७० पासून खासदार, सभागृहातले सर्वांत ज्येष्ठ, हाडाचे युरोपवादी. २०१७ मध्ये बाहेर पडण्याची नोटीस द्यायला संसदेने मंजुरी दिली, तेव्हा विरोधात मत देणारे मे यांच्या हुजूर पक्षातले ते एकटेच. पण एकदा सार्वमत झालंय म्हटल्यावर त्यांनी मे यांच्या करारालाही, तो तीनदा मतदानाला आला तेव्हा, तिन्ही वेळा मत दिलं. ब्रेक्झिटला सर्वांत ठाम विरोध करणारा माणूस ब्रेक्झिटच्या करारासाठी सर्वांत इमानदारीने हात वर करत होता, आणि ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’ अशा घोषणा देणारे तो पाडत होते.

तीन मतं कुठे गेली? मंत्रिमंडळ तटस्थ राहिलं. पस्तीस खासदार असलेली स्कॉटिश नॅशनल पार्टी या प्रस्तावावर तटस्थ राहिली. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या बहुतेकांनी पाठिंबा दिला नाही, आणि युरोपात राहण्याचा आग्रह धरत दोन मोठे पक्ष सोडून बाहेर पडलेल्या अकराजणांच्या नव्या गटातूनही पाठिंबा आला नाही. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. कस्टम्स युनियनने मालावरचं सीमाशुल्क टळतं, पण बँका, विमा, वकिली अशा सेवांना काही मिळत नाही, आणि माणसांचा मुक्त संचारही त्यात येत नाही. अर्धी भाकर कशाला घ्या, पूर्ण ताट समोर येतंय, असा त्यांचा हिशेब होता.

मुक्त संचार राखणारा प्रस्तावही त्याच रात्री होता, नॉर्वेच्या धर्तीवरचा. तो २६१ विरुद्ध २८२ असा पडला. तो मांडणारे हुजूर पक्षाचे निक बोल्स निकाल ऐकून उठले. आपण तडजोडीसाठी सगळं पणाला लावलं, ती जमली नाही आणि मुख्यतः आपला पक्ष तडजोड करायला तयार नसल्यामुळे जमली नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पक्ष सोडत असल्याचं तिथेच जाहीर करून ते सभागृहाबाहेर पडले. मागून कुणीतरी थांबायला सांगत होतं.

पुढचं वेगाने घडलं. मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले. १० ऑक्टोबरला जॉन्सन आणि वराडकर इंग्लंडच्या विरल नावाच्या भागातल्या थॉर्नटन मॅनोरमध्ये भेटले आणि आठवड्याभरात नवा करार झाला. त्यात सीमा आयर्लंडच्या शेतांतून उठली आणि समुद्रात गेली: उत्तर आयर्लंड एका नियमाखाली, उरलेला ब्रिटन दुसऱ्या. बॅकस्टॉपमध्ये सगळा ब्रिटन एकत्र राहणार होता. तो नाकारणाऱ्या डीयूपीच्या वाट्याला नेमकी तीच गोष्ट आली जिला ते सर्वांत जास्त घाबरत होते: उरलेल्या ब्रिटनपासून वेगळं पडणं. तेलही गेलं, तूपही गेलं. २०२२ च्या फेब्रुवारीपासून २०२४ च्या सुरुवातीपर्यंत त्याच रागापायी त्यांनी बेलफास्टचं सरकार बंद पाडून ठेवलं.

डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सनना ८० चं बहुमत मिळालं. अकराजणांच्या त्या गटातला एकही खासदार परत आला नाही. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःची जागा हरल्या. दुसरं सार्वमत कायमचं बारगळलं. ३० डिसेंबर २०२० ला जॉन्सनचा व्यापार करार संसदेत आला, तेव्हा मागच्या बाकांवरून थेरेसा मे बोलल्या. मजूर पक्षाचे नेते कीर स्टार्मर यांना त्यांनी सुनावलं की २०१९ मध्ये यापेक्षा चांगला करार समोर होता, तुम्ही त्याविरुद्ध मत दिलंत, आता तुमची प्रवचनं नकोत. बोचरं होतं, आणि खरंही. पण मे यांनाही पूर्ण माफी देता येत नाही. तडजोडीचा हात त्यांनी विरोधकांपुढे केला तो तिसऱ्या पराभवानंतर, एप्रिल २०१९ मध्ये. तो २०१६ च्या जुलैत, हातात बहुमत असताना केला असता तर?

या सगळ्याची झळ बसलेल्यांत आपलीही माणसं आहेत. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडन शहरात कामाला गेले. तिथे आधी पोचलेल्यांचा हक्क करारांनी राखला. पण १ जानेवारी २०२१ पासून नव्याने जाणाऱ्याला तो पासपोर्ट दाखवून नोकरी मिळत नाही, व्हिसा लागतो. नॉर्वेच्या धर्तीचा प्रस्ताव मंजूर होऊन अमलात आला असता, तर ती वाट उघडी राहिली असती. स्विंडनने स्वतः सार्वमतात जवळपास ५५ टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. आणि मे यांचा करार तिन्ही वेळा पाडणाऱ्या अठ्ठावीस कट्टर खासदारांत होत्या सुएला ब्रेव्हरमन, ज्यांचे वडील मूळ गोव्याचे.

१ एप्रिलचा कस्टम्स युनियनचा तो ठराव मंजूर झाला असता तरी तो सरकारवर बंधनकारक नव्हता, हेही सांगायला हवं. मे यांनी तो मानला असता का, पक्ष फुटला असता का, कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या रात्री मजूर पक्षाने आपल्या खासदारांना क्लार्क यांच्या बाजूने मत द्यायला सांगितलं होतं, आणि ब्रेक्झिटवर त्या पक्षाचे प्रवक्ते होते कीर स्टार्मर. जुलै २०२४ मध्ये तेच स्टार्मर प्रचंड बहुमताने पंतप्रधान झाले. त्यांच्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: एकत्र बाजारपेठेत परत जाणार नाही, मुक्त संचार आणणार नाही, आणि कस्टम्स युनियनमध्येही जाणार नाही.