सोलमधला काढा आणि माझी रक्तदाबाची गोळी

सोलच्या इन्साडोंग भागात जुन्या धाटणीची चहाघरे आहेत. तिथे ‘चहा’ म्हणून जे मिळते, त्यात बहुतेकदा चहाची पत्ती नसतेच. परिषद आटोपल्यावर एका संध्याकाळी मी आणि सौ. तिथे जाऊन बसलो. तिला मधुमेह, मला रक्तदाब.

तिने ‘सिख्ये’ मागवले. थंडगार, गोडसर, वर भाताची शिते तरंगणारी. जेवणानंतर पचनाला चांगले, असे तिथले लोक सांगतात. मोड आणून वाळवलेल्या सातूच्या पाण्यात शिजलेला भात साधारण 60 अंश उष्णतेवर काही तास ठेवतात. मोड आलेल्या धान्यातली विकरे (एन्झाइम) भातातल्या स्टार्चचे माल्टोज करतात. म्हणजे वरून साखर घातली नाही, तरी पेल्यात साखर आहेच; आणि ती सहसा घालतातच. हे मी सांगेपर्यंत पेला अर्धा झाला होता!

माझ्यासमोर ‘सांगह्वा-चा’ आला. काळपट, कडवट, वर कच्च्या अंड्याचा पिवळा बलक. सर्दी-थकव्यावरचा हा घरगुती काढा: दालचिनी, आले, वाळलेली बोरे, काही मुळ्या आणि ज्येष्ठमध. बलक मी चमच्याने बाजूला काढला. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. पण माझी नजर अडली ती ज्येष्ठमधावर.

ज्येष्ठमधातले ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला रोखते. मग शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. मी घेतो त्या लघवी वाढवणाऱ्या गोळीनेही पोटॅशियम उतरते. एका कपाने काही होत नाही, म्हणून मी तो प्यायलो, चवही आवडली. रोज, आठवडेच्या आठवडे घेतला तर मात्र गोष्ट वेगळी. आमच्या वॉर्डात एक आजोबा पाय उचलेनात म्हणून दाखल झाले होते. पोटॅशियम फारच खाली. गोळ्या सगळ्या विचारून झाल्या, घशासाठी महिनोन्‌महिने चाललेला ज्येष्ठमधाचा काढा मात्र तिसऱ्या दिवशी सुनेने सांगितला. आजोबांच्या लेखी ते औषधच नव्हते.

‘माकगोली’ ही तांदळाची दारू दिसते थेट ताकासारखी; आमच्यातल्या एका माळकरी डॉक्टरांनी ती ताक समजून उचललीच होती. भाजलेल्या सातूचे ‘बोरी-चा’ मात्र निर्धास्त प्यावे. त्यात कॅफिन नाही, साखर नाही. उरलेले तीन दिवस सौ. तेच पीत होती, आणि मी दालचिनी-आल्याचे ‘सुजोंग्ग्वा’ मागवले की आधी माझ्याकडे बघून विचारायची, “यात काय काय आहे हो?”