ऑरेंज अलर्ट, आणि वर्सोव्यात ऊन?

तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच: "ऑरेंज अलर्ट होता म्हणून कॉलेजला दांडी मारली, आणि वर्सोव्यात चक्क ऊन. हवामान खात्याला काही कळतं का?"

कळतं. खातं कधीच चुकत नाही असं नाही, पण तो रंग तुमच्या गल्लीचा नसतोच. तो अख्ख्या जिल्ह्यासाठी, पूर्ण दिवसाचा असतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. मुलुंडला धो धो कोसळला आणि आपल्याकडे थेंब नाही, तरी अंदाज बरोबरच धरायचा.

मुंबईचा पाऊस किती लहरी? 26 जुलै 2005 घ्या. 27 तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम 73. एकच शहर! खात्याच्या हिशेबात 204.4 मिलिमीटरच्या वर पावसाची सगळ्यात वरची पायरी सुरू होते. त्याच्या चौपटीहून जास्त पाऊस उपनगरावर पडला, शेकडो माणसं गेली.

तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आधी कुलाब्याला आलं, मग जानेवारी 2022 मध्ये अंधेरीत वेरावलीला, म्हणजे आपल्या शेजारीच. रडार लहरी सोडतं, त्या थेंबांवर आपटून परत येतात. परतलेल्या लहरींत जो फरक पडतो त्यावरून थेंब आपल्याकडे येतायत की लांब चाललेत, तेही समजतं. पण जो ढग अजून तयारच झाला नाही, तो रडारला कसा दिसणार? म्हणून पुढच्या तीन तासांपुरता 'नाऊकास्ट' जास्त भरवशाचा. अंधेरीहून घरी निघताना मी सकाळचा रंग नाही, नाऊकास्ट बघते. आणि भरतीची वेळ! भरती साडेचार मीटरच्या वर असली की नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, मग साधा पाऊससुद्धा रस्ता तुंबवतो.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात मात्र पावसापेक्षा वारा महत्त्वाचा. मच्छीमारांसाठी इशारा वेगळा निघतो तो त्यासाठीच. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईला धडकलंच नाही, समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटर नोंदला गेला. तेव्हा ज्यांच्या घरी होडी आहे त्यांनी नकाशावर वादळाची रेघ लांब दिसली तरी वाऱ्याचा आकडा वाचायचा. तो इशारा आणि नाऊकास्ट, दोन्ही हवामान खात्याच्या वेबसाईटवर फुकट मिळतात.