बैलाच्या दमाचे रस्ते

पसरणीच्या कुठल्या वळणावर गाडी सेकंडवर घ्यायची आणि कुठे थर्ड पडतो, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. नोकरी सगळी एस.टी.च्या स्टिअरिंगमागे गेली, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्याच्या घाटांत. वाई–महाबळेश्वर, सातारा–बामणोली, मेढा, पोलादपूर. निवृत्त झालो त्या सुमारास पुण्याच्या भाच्याने स्वतःला कार्बनची नवी सायकल घेतली आणि जुनी ॲल्युमिनियमची आणून माझ्या अंगणात लावली. म्हणाला, "मामा, गंजण्यापेक्षा फिरवलेली बरी." ॲल्युमिनियम काही गंजत नाही. तेव्हा तो माझ्याविषयीच बोलत असावा.

त्या सायकलवर हेच घाट चढायला लागलो, तेव्हा कळलं की ड्रायव्हरला वळणं पाठ असतात, चढ नसतो. चढ इंजिन बघून घेतं, आपण फक्त त्याचा आवाज ऐकतो. सायकलवर मात्र डांबराचा प्रत्येक फूट मांडीतून जातो, आणि हे रस्ते किती विचाराने आखलेत ते मांडीला आधी समजतं.

वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेला थोडी कमी. मधलं अंतर बारा किलोमीटर. म्हणजे वीस-एकवीस पावलं पुढे टाकली की एक पाऊल वर. सायकलवाले याला 'पाच टक्के' म्हणतात. पसरणी असो, आंबेनळी असो नाहीतर कुंभार्ली, हे सगळे एकोणिसाव्या शतकातले गाडीरस्ते. गाडी म्हणजे तेव्हा बैलगाडी. भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाला उभा चढ चालत नाही. चढावर गाडी मागे खेचते, उतारावर जू मानेवर येतं. म्हणून आखणाऱ्यांनी रस्ता सरळ वर न नेता डोंगराला वेढे घालत नेला. लांबी वाढवली, पण चढ बैलाच्या दमाबाहेर जाऊ दिला नाही. मोटारी नंतर आल्या आणि त्याच आखणीवर धावू लागल्या. रस्ता रुंद झाला, कठडे आले, डांबर आलं, पण चढ बराचसा तोच राहिला. माणसाच्या पायांनाही नेमका तोच झेपतो.

हिशेब करून बघा. मी आणि सायकल मिळून ऐंशी किलो. एवढं वजन पावणेसहाशे मीटर वर उचलायला सव्वा तास घेतला, तर निव्वळ चढासाठी शंभरेक वॅट लागतात. माजघरात पूर्वी शंभराचा पिवळा बल्ब जळायचा, तेवढी ताकद. वाऱ्याचे आणि टायरचे थोडे वर धरा. रोज फिरणाऱ्या धडधाकट माणसाला तासभर एवढं जमतं. चढ दहा टक्के असता तर हाच हिशेब दुपटीला गेला असता, आणि मी पसरणी गावातूनच माघारी फिरलो असतो.

उरतो प्रश्न गिअरचा. इथे मला नोकरीतली अक्कल कामाला आली. लोक दुकानात सायकलचं वजन विचारतात, दात विचारत नाहीत. माझ्या सायकलला पुढचं लहान चक्र ३४ दातांचं आणि मागचं सगळ्यात मोठंही ३४ चं आहे. म्हणजे पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी, सुमारे दोन मीटर रस्ता. मिनिटाला पंचाहत्तर फेऱ्या मारल्या की ताशी साडेनऊ किलोमीटर. ऐकायला हळू वाटतं, पण त्या वेगाने श्वास लागत नाही, शेजारच्याशी बोलता येतं, आणि वर पोचल्यावर गुडघे आपलेच असतात. भाच्याच्या पुण्याच्या मित्रांतले काही जड गिअर रेटत उभ्याने चढतात. त्यांची मांडी आणि त्यांचं वय त्यांना लखलाभ. एस.टी.त आम्ही नव्या ड्रायव्हरला सांगायचो, इंजिन कण्हायच्या आधी गिअर खाली घे. सायकलवर इंजिन आपणच आहोत, एवढाच फरक.

पसरणी हे घाटाच्या पायथ्याचं गाव, शाहीर साबळ्यांचं. गाव मागे पडलं की चढ सुरू होतो. पहिल्या एक-दोन वळणांतच ठरवायचं की आज किती जोर लावायचा. त्यापुढे तो बदलायचा नाही. उजाडता उजाडता निघालात तर खाली धोमचं पाणी करड्या रंगाचं दिसतं आणि वळणागणिक उजळत जातं. गाडीत बसलेल्याला हे दोन-तीन वेळा दिसतं, त्यातही एकदा पडदा ओढलेला असतो. सायकलवाल्याला पाणी पंधरा-वीस मिनिटं सोबत करतं. माकडांची टोळकी कठड्यांवर बसलेली असतात. पर्यटकांनी वेफर्स टाकून टाकून त्यांना इतकं सोकावून ठेवलंय की मागच्या खिशातलं केळं त्यांना लांबून कळतं. केळं जर्सीच्या आत ठेवा आणि थांबू नका.

एका सकाळी मागून एस.टी.चा आवाज आला. सेकंड गिअरचा तो घोगरा सूर मी शंभर गाड्यांत ओळखीन. पुढे आंधळं वळण होतं. गाडी ओव्हरटेक करेना, हॉर्न देईना, माझ्या मागे तशीच संथ येत राहिली. वळण सरलं, समोरचा रस्ता मोकळा दिसला, तेव्हा आतून कंडक्टरने टण्‌-टण्‌ डबल बेल दिली आणि गाडी हातभर नाही, चांगली पाच-सहा फूट जागा सोडून पुढे गेली. ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा निघाला. आरशातून हात केला त्याने. सगळेच ड्रायव्हर असे नसतात. शनिवार-रविवारी भाड्याच्या गाड्या घेऊन येणारे तर मुळीच नाहीत. म्हणून माझा सल्ला साधा: सुट्टीच्या दिवशी सकाळी आठच्या आत दांडेघर नाका ओलांडलेला असावा.

पाचगणी ते महाबळेश्वर एकोणीस किलोमीटर. रस्ता चढ-उताराचा, झाडीचा, स्ट्रॉबेरीच्या पाट्यांचा आणि हॉटेलांच्या गर्दीचा. हा पट्टा २००१ पासून केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलेला आहे. बांधकामं बघून कुणाला ते पटणार नाही. इथे रेंगाळण्यात अर्थ नाही, सरळ पुढे जावं.

क्षेत्र महाबळेश्वरला मात्र थांबावं, नकाशा समजून घ्यायला. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री इथून निघतात असं मानतात. भाविक पंचगंगेच्या मंदिरात हात जोडतो, तसे सायकलवाल्यानेही जोडावेत, कारण इकडचे रस्ते नद्यांच्याच आधाराने वर येतात. पसरणी कृष्णेच्या खोऱ्यातून. मेढ्याकडून येणारा केळघर घाट वेण्णेच्या बाजूने. आंबेनळी सावित्रीच्या. तापोळ्याचा रस्ता कोयनेच्या. सावित्री तेवढी पश्चिमेला उडी घेते आणि पोलादपूर-महाडवरून समुद्राला मिळते. कृष्णा, कोयना, वेण्णा देशावर उतरून कृष्णेच्याच पात्रात एक होतात. सह्याद्रीचा पश्चिमेचा काठ तुटलेला आहे, पूर्वेची उतरंड सावकाश आहे. वाईहून येणारा सातशे मीटरपासून चढायला लागतो, कोकणातून येणारा जवळपास समुद्राच्या पातळीवरून.

म्हणून आंबेनळी हा या भागातला खरा मोठा चढ. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर, उंची तेराशे मीटरच्या आसपास. सरासरी काढली तर तीन टक्क्यांच्या थोडी वर येते, आणि इथेच नवखे फसतात. सुरुवातीचा भाग जवळजवळ सपाट आहे, त्यानंतर घाट लागतो, प्रतापगडाच्या पायथ्याशी वाडा-कुंभरोशीला जरा उसंत मिळते आणि मेटतळ्याकडून पुन्हा महाबळेश्वरपर्यंत चढ. खालची हवा दमट. फेब्रुवारीतसुद्धा सकाळी नऊनंतर अंगातून पाण्याच्या धारा लागतात. दोन बाटल्या, लिंबू-मीठ-साखर आणि शेंगदाण्याचे लाडू घेतल्याशिवाय पोलादपूर सोडू नये. वाटेत दुतर्फा जावळीचं रान. अफजलखानाला महाराजांनी इथे का ओढून आणलं, हे पुस्तकापेक्षा या चढावर जास्त चांगलं समजतं. १६५९ साली रस्ता नव्हता, नुसतं रान होतं, आणि खानाबरोबर हत्ती, उंट, तोफा.

पावसात या घाटाचं नाव काढू नये. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी जागोजागी खचला आणि वाहतूक बंद पडली. पाऊस नसतानाही सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं. ते हिरवं दिसत नाही, काळं दिसतं, डांबरात मिसळून जातं. पातळ टायर त्यावरून गेला की संपलं. मी २८ मिलिमीटरचे टायर वापरतो आणि हवा पूर्ण भरत नाही.

आता उतार. त्याबद्दल कुणी लिहीत नाही, सगळे चढाचीच फुशारकी मारतात. ड्रायव्हरचा नियम असा की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक थंड राहतो. सायकलला ती सोय नाही. चढताना मांडीने जेवढी शक्ती खर्च केली, तेवढीच उतरताना कुठेतरी जिरवायची असते. काही वारा खातो, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये रबर थेट रिमवर घासतं. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते, आतली ट्यूब तापते आणि फुटते. डिस्कला तो धोका कमी. पण पद्धत दोन्हीकडे एकच. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग खाली आणा, वळणात ब्रेक सोडा, बाहेरच्या पायडलवर भार द्या, आणि नजर दरीकडे नको, रस्ता जिथे सुटतो तिथे ठेवा. नजर जाते तिकडे सायकल जाते. स्टिअरिंगचंही तसंच आहे. वळण आंधळं असेल तर समोर उसाचा ट्रक रस्त्याच्या मधोमध आहे असं धरूनच चाला. बहुतेकदा तो असतोच.

कासचा रस्ता वेगळ्या जातीचा. साताऱ्यातून निघालं की यवतेश्वरचा घाट लगेच अंगावर येतो. पाय गरम व्हायलाही वेळ देत नाही, पण तो संपला की रस्ता पठाराच्या धारेवरून जातो आणि दोन्ही अंगांना दऱ्या उघडतात. साताऱ्यापासून कास पंचवीसेक किलोमीटर. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कास आहे. कोयना, चांदोली, राधानगरीही आहेत. पठार जांभ्याचं. वर मातीचा थर कुठे वीतभर, कुठे तोही नाही. पावसाचं पाणी मुरायला जागा नसल्याने तुंबतं. झाडाला मूळ धरता येत नाही, म्हणून फुलझाडांना रान मोकळं. सीतेची आसवं हे निळं-जांभळं नाजूक फूल ज्या रोपाला येतं, ते बारीक किडे पकडून खातं, कारण त्या मातीत खायला दुसरं फारसं काही नाही. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा आरंभ हा हंगाम. तेव्हा पठारावर जायला शुल्क आणि संख्येची मर्यादा असते, आणि असावीच. सायकलवाल्याचा फायदा असा की तेरडा, गेंद, कवळा रस्त्याकडेलाही फुललेले असतात, आणि ताशी दहाच्या वेगात ते एकेक ओळखता येतात. जायचं तर मंगळवार-बुधवार बघून जा. रविवारी तिथे फुलांपेक्षा बंपर जास्त.

कासच्या पुढे रस्ता बामणोलीला, शिवसागराच्या काठावर उतरतो. हे कोयना धरणाचं फुगलेलं पाणी. त्याच्या तळाशी कोयनाकाठची गावं आहेत, आणि माझ्या गाडीत चढणारी कितीतरी म्हातारी माणसं पाण्याकडे बोट दाखवून आपली शिवारं सांगायची. लाँचवाल्याशी गोड बोललं तर तो सायकलसकट तापोळ्याला सोडतो. तिथून महाबळेश्वरला चढणारा रस्ता अरुंद आणि दाट झाडीतला. पलीकडच्या तीरावर कोयना अभयारण्य. ते आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आत सायकल नेता येत नाही, नेऊही नये. पण गवा हद्द पाळत नाही. अंधारात निघाला असाल तर पुढे चांगला दिवा हवा, आणि गवा दिसला तर घंटी न वाजवता लांबच थांबायचं. घाई त्याला नसते, आपल्यालाही नको.

राहिला कुंभार्ली. कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कोकणात. तिथे एक गंमत आहे. आपण सायकलवर पोफळीकडे उतरत असतो, तेव्हा कोयनेचं पाणीही डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून त्याच बाजूला उतरत असतं, जमिनीखालच्या वीजघरात टर्बाइन फिरवायला. मुळात पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी वळवून पश्चिमेला वाशिष्ठीत सोडलेलं. मी हा घाट एस.टी.ने कितीदा केला याला गणती नाही. सायकलने फक्त उतरलोय. वर येताना मालट्रकांच्या रांगेचा धूर तोंडावर घ्यावा लागतो, म्हणून टाळत आलो. भाचा म्हणतो, दिवाळीनंतर मंगळवारी पहाटे चिपळुणातून निघू, ट्रक जागे व्हायच्या आत. त्याला सांगितलंय, मागच्या चक्राला ३४ दात बसवून ये, नाहीतर मी थांबणार नाही.